एक पिशवी नाळेचं रक्त

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या तयारीत दुपटी आणि झबली मागे राहिली होती आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक पांढरा चौकोनी खोका येऊन बसला होता. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या खासगी कंपनीने तो पाठवला होता. आत रक्त घ्यायची पिशवी, तिला जोडलेली नळी आणि जाड सुई, काही छोट्या बाटल्या, दोन चिमटे आणि इंग्रजीतला घडीचा कागद. बाळ जन्मलं की नाळ कापायची, नाळेत आणि वारेत उरलेलं रक्त त्या पिशवीत उतरवून घ्यायचं आणि दीड दिवसाच्या आत कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. तिथे त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून गोठवून ठेवणार होते. आमच्या लाटंबार्से गावात तोवर असला खोका कुणाच्या घरी आला नव्हता.

आम्हाला तो हवा होता थोरलीसाठी.

गोव्याचं राज्य झालं तेव्हा मी कोरगावच्या शाळेत तिसरीत होते. पुढे शिक्षिका झाले, लग्न होऊन पेडण्याहून डिचोली तालुक्यात आले आणि तिथल्याच एका सरकारी मराठी शाळेत शिकवू लागले. आमचे हे खाणीवर टिपर चालवायचे. घरात सासूबाई, ज्यांना मी मांय म्हणते. थोडी भातशेती, थोड्या काजी, म्हणजे काजूची झाडं. थोरली सात महिन्यांची झाली आणि फिकी पडू लागली. दूध ओढताना दमायची. रक्त तपासलं तेव्हा थॅलेसेमिया निघाला. तिच्या अंगात धड रक्त तयारच होत नव्हतं. आम्हा दोघांच्या रक्तात तो दोष अर्धा-अर्धा होता, आम्हाला त्याचा काही त्रास नव्हता, आणि दोन्ही अर्धे तिच्या वाट्याला एकदम आले होते.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी आम्ही सरकारी इस्पितळात रक्त चढवायला जायचो. रक्तपेढीला बदली रक्त द्यावं लागे. कोरगावचे माझे दोन भाऊ, त्यांचे मित्र, खाणीवरचे ड्रायव्हर, सगळ्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. इतर मुलं गणपतीच्या चवथीला किती दिवस उरले ते मोजायची, आमची मुलगी रक्ताच्या दिवसाला किती उरले ते मोजायची. त्या दिवशी संध्याकाळी तिचे गाल लाल व्हायचे आणि ती अंगणभर धावायची. चढवलेल्या रक्तातलं लोखंड मात्र अंगात साठत जातं, ते बाहेर काढायला रोज पोटात सुई टोचून पंप लावावा लागे. आमच्या आजूबाजूच्या डोंगरांतून दिवसाला शेकडो ट्रक लोखंडाची माती जात होती, आणि आम्ही एका मुलीच्या अंगातलं चमचाभर लोखंड काढायला धडपडत होतो.

ती पाच वर्षांची असताना रक्ताच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "कायमचा उपाय एकच आहे. सख्ख्या भावंडाच्या पेशी हिच्याशी जुळल्या तर त्या हिला देता येतात. जुळण्याची शक्यता चारांत एक. आणि त्या बाळालाही हाच आजार नाही ना, हे पोटात असतानाच तपासावं लागेल."

"म्हणजे मूल जन्माला घालायचं ते औषध म्हणून?" हे डॉक्टरांनी नाही विचारलं, माझ्या शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, डबा खाताना. मी घास खाली ठेवला. म्हटलं, "मला दुसरं मूल पहिल्यापासून हवं होतं. भीतीने थांबले होते. आता भीती बाजूला ठेवणार आहे, एवढंच." बोलताना आवाज स्थिर राहिला याचं मलाच नवल वाटलं, कारण त्यांचा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते.

तिसऱ्या महिन्यात मुंबईला जाऊन तपासणी केली. दोन आठवडे मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असायचे तेव्हा मुलांना वाटे बाई लिहायला काहीतरी आठवतायत. निकाल आला : बाळात दोष अर्धाच, आमच्यासारखा. आजार नाही. थोरलीशी जुळतं की नाही ते जन्मल्यावर कळणार होतं.

मग कंपनीची बाई आली. म्हापशाहून, नीटनेटकी, हातात रंगीत पुस्तिका. मेजावर ती उघडून म्हणाली, "हा बाळाचा विमाच समजा. उद्या बाळाला काही मोठं दुखणं आलं तर त्याचं स्वतःचंच रक्त त्याच्या कामी येईल."

मी विचारलं, "माझ्या थोरलीच्या जन्माच्या वेळी आम्ही तिचं रक्त असं ठेवलं असतं, तर आज तिला देता आलं असतं?"

ती म्हणाली, "तसं... हो, आलं असतं."

"नाही आलं असतं," मी म्हटलं. "तिच्या त्या रक्तातही तोच दोष असता. मला हे डॉक्टरांनी समजावलंय. आम्हाला हे दुसऱ्या मुलीसाठी हवंय, म्हणून मी सही करणार. पण ज्या घरात कुणी आजारी नाही, त्या घरात जाऊन असं सांगू नका."

तिने कागद पुढे केले. मी सह्या केल्या.

मांय आतून सगळं ऐकत होत्या. ती बाई गेल्यावर बाहेर आल्या आणि पुस्तिकेकडे न बघता म्हणाल्या, "नाळ घराकडे पुरतात, बाय. परगावाक धाडपाची वस्तू न्हय ती." त्यांच्या चारही मुलांची वार परसात पुरली होती, जागा त्या अजून दाखवतात.

"मांय, नाळ नाही धाडायची. तिच्यात उरलेलं रक्त तेवढं. इस्पितळात ते असंच फेकून देतात."

"फेकून दितात?" त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांचा विरोध संपला असं मला वाटलं नाही, आणि संपला नव्हताही. पुढचे कित्येक दिवस त्या खोक्याचं नावही काढत नव्हत्या.

डिचोलीतल्या ज्या खासगी प्रसूतिगृहात माझं नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टरबाई अनुभवी, पण त्यांनी हे काम कधी केलं नव्हतं. "माझं लक्ष तुझ्याकडे आणि बाळाकडे असणार," त्या म्हणाल्या. "ते सांभाळून जमलं तर जमलं. शब्द देत नाही." त्यांचं बरोबर होतं. पण 'जमलं तर जमलं' एवढ्यावर मला समाधान नव्हतं. घरी येऊन मी तो इंग्रजी कागद चार वेळा वाचला आणि शाळेच्या पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत दहा वाक्यं लिहिली. नाळेला दोन ठिकाणी चिमटा. मधे कापा. बाळ बाजूला. नाळ पुसून स्वच्छ करा. फुगलेल्या शिरेत सुई. पिशवी खाटेच्या खाली धरा. पिशवी हलवत राहा, नाहीतर रक्त गोठेल. असं.

प्रसूतिगृहात एक सिस्टर होती, शिरगावची. तिने पुठ्ठा वाचला आणि म्हणाली, "त्या इंग्लिश कागदापेक्षा हें बरें. पण हात बसाक जाय, बाई. एकदा करून बघूंया." एका रविवारी ती आमच्या घरी आली. सलाइनची एक जुनी नळी आणि रिकामी पिशवी तिने आणली होती. मांयनी कोकमाचं आगळ पाण्यात कालवून दिलं, का ते न विचारता. ते लाल पाणी एका मऊ रबरी नळीत भरून दोन्ही टोकं बांधली, आणि ती झाली आमची नाळ. सिस्टरने सुई घातली. पहिल्यांदा आरपार गेली आणि जमिनीवर सगळं लाल झालं. दुसऱ्यांदा पाणी उतरलं, पण मी पिशवी वर धरली होती म्हणून अर्ध्यात थांबलं. थोरली हसून लोळत होती. तिसऱ्यांदा बरोबर झालं. मांय दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत बघत होत्या.

जाताना सिस्टर म्हणाली, "एक सांगून दवरतां. जत्रेच्या वेळार हांव नासतलें. हांव धोंड." शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला जे व्रत घेतात त्यांना धोंड म्हणतात. ते दिवस ते घरापासून वेगळे राहतात, सोवळं पाळतात. बाळंतिणीला हात लावणं तर शक्यच नाही. "पण तुमची तारीख मागीर सतरा दिसांनी."

बाळाने तारीख वाचली नव्हती. जत्रेच्याच दिवशी सकाळी, मी पोदेराकडून पाव घेऊन पायरी चढत असताना अंगावरून पाणी गेलं.

यांनी शेजारच्याची गाडी काढली. मांय खोका मांडीवर घेऊन मागे बसल्या. मी सांगितलं नव्हतं. कपाटावरून तो त्यांनीच काढला होता. वाटेत वेताच्या काठ्या घेतलेले धोंड घोळक्याघोळक्याने चालत होते, डोक्यावर मोगऱ्याचे गजरे. यांनी विचारलं, "सिस्टरीक निरोप धाडूं?" मला ती हवी होती, फार हवी होती. पण तिच्या वर्षाच्या व्रतात मला माझं गाठोडं टाकायचं नव्हतं. मी म्हटलं, "नको. पुठ्ठा आहे."

प्रसूतिगृहात त्या दिवशी माणसं कमी. डॉक्टरबाई आणि एक नवी नर्स. मी खाटेवर पडल्या पडल्या पुठ्ठा समोरच्या भिंतीवर चिकटवायला लावला. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच चिकटपट्टी आणली. कळांच्या मधे मी तो मोठ्याने वाचत होते, पाढे म्हटल्यासारखा. पाचव्या वाक्याशी अडखळले की डॉक्टरबाई पुढचं म्हणायच्या. दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. रडली, जोरात. नवी नर्स तिला घेऊन पुसू लागली आणि डॉक्टरबाई सुई हातात घेऊन म्हणाल्या, "आता पिशवी कोण धरणार?"

कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "बाहेर मांय आहेत. त्यांना बोलवा."

मांय आत आल्या. हात धुऊन घेतले, पदर खोचला. माझ्याकडे, बाळाकडे, कुणाकडेच न बघता त्या सरळ खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या. "अशी न्हय, सकयल धरूंक जाय," असं स्वतःशीच बोलून पिशवी त्यांनी गुडघ्यांपर्यंत खाली नेली. सुई बसली. मला दिसत नव्हतं, फक्त त्यांचं डोकं दिसत होतं आणि त्यांचा आवाज येत होता. "येता... येता गो... आयलें." पाळणा हलवावा तशी त्या पिशवी हलवत होत्या, डावीकडे, उजवीकडे, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होत्या. चार-पाच मिनिटं असतील. मग धार थेंबांवर आली आणि थांबली. डॉक्टरबाईंनी नळीला गाठ मारली आणि पिशवी उजेडात धरून बघितली. "थोडं कमी आहे," त्या म्हणाल्या. "बाळ लवकर आलं ना. पण आहे."

कंपनीचा माणूस म्हापशाहून पिशवी न्यायला यायचा होता. त्याचा फोन आला : रस्ता माणसांनी भरलाय, पोलीस गाड्या पुढे सोडत नाहीत, संध्याकाळपर्यंत थांबा. विमान संध्याकाळचंच होतं. यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "तू अस्नोड्याक राव. हांव हाडटां," म्हणाले आणि ठेवला. प्रसूतिगृहातला कंपाउंडर मदतीला म्हणून बर्फाची पिशवी घेऊन धावत आला, तेव्हा मांय त्याच्या अंगावर ओरडल्या, "बर्फ नाका! बरयलां थंय!" पुठ्ठ्यावर नववं वाक्य तेच होतं. मांयना अक्षरं येत नाहीत. रविवारी मी वाचलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

खाणीवर दहा वर्षं टिपर चालवल्याने यांना असे रस्ते ठाऊक होते जे नकाशात नाहीत. कंपाउंडरची स्कूटर घेऊन, खोका पोटाशी बांधून, खाणीच्या मातीतून ते निघाले. जत्रेमुळे ट्रक बंद होते. गर्दीपलीकडच्या अस्नोड्याला, कंपनीचा माणूस थांबला होता तिथे, पोचले तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत लाल झाले होते. त्या माणसाला आधी वाटलं, अपघात झाला. खोका मात्र त्यांनी स्वतःच्या शर्टात गुंडाळला होता, तो पांढराच राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला : वेळेत पोचलं. महिन्याभराने पत्र आलं : पेशी अपेक्षेपेक्षा कमी, पण ठेवण्याजोग्या. आणि मग, माझी बाळंतपणाची रजा संपल्यावर, जुळणीचा निकाल. तो मी शाळेच्या आवारात, उभ्यानेच ऐकला. धाकटी थोरलीशी पूर्ण जुळत होती. मी वर्गात परत गेले आणि मुलांना लवकर सोडून दिलं, कारण मला शिकवता येत नव्हतं.

प्रत्यारोपण करणारे डॉक्टर दक्षिणेतल्या एका इस्पितळात होते. त्यांनी कागद बघून सरळ सांगितलं, "एवढ्या पेशींवर सहा वर्षांच्या मुलीचं भागणार नाही. धाकटीला दोन वर्षांची होऊ द्या. तिच्या कमरेच्या हाडातला मगज थोडा घेऊ आणि हे नाळेचं रक्त त्याच्याबरोबर देऊ. दोन्ही मिळून पुरेल." पुस्तिकेत हे कुठेच नव्हतं. कंपनीच्या बाईला फोन केला तर म्हणाली, "आमचं काम साठवण्याचं, मॅडम."

दोन वर्षं थांबलो. रक्ताचे दिवस, पंप, सगळं तसंच चालू. आणि ती वेळ जवळ आली तसे हे माघार घेऊ लागले. एकदा काजी वेचताना म्हणाले, "धाकटी बरी आसा. बऱ्या पोराक कित्याक टोचपाचें? एक मुलगी दुखणाईत आसा ती आसाच. दोघींकय टेबलार घालूं?"

मला रागावता आलं नाही. धाकटीला विचारून तिचं काही घेता येणार नव्हतं, आणि तिच्या वतीने हो म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला, हा काटा मलाही होता. मी एवढंच म्हटलं, "मी डॉक्टरांना तिच्याबद्दलचे सगळे प्रश्न विचारीन. एकाचंही उत्तर पटलं नाही तर परत येऊ." वहीची दोन पानं भरून प्रश्न नेले. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. थोरलीला धोका मोठा होता, जिवावरचा. धाकटीला भूल आणि दोन-तीन दिवसांचं दुखणं. यांनी शेवटचा प्रश्न स्वतः विचारला : "तुमची मुलगी आसती तर?" डॉक्टर म्हणाले, "केलं असतं." आम्ही परत आलो नाही.

चार महिने त्या अनोळखी शहरात राहिलो. थोरलीला आधी कडक औषधं देऊन तिचं स्वतःचं रक्त तयार करणारं सगळं काही संपवलं. केस गेले, तोंडात फोड आले, पाणी गिळवेना. ती काचेच्या खोलीत आणि तोंडाला पट्टी बांधून मी तिच्याजवळ. ठरल्या दिवशी सकाळी धाकटीला भूल देऊन मगज काढला. दुपारी तो आणि नाळेचं रक्त, दोन्ही नेहमीच्या रक्तासारखंच थोरलीच्या नळीतून आत गेलं. काहीच वेगळं दिसलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल. धाकटी दुसऱ्या दिवशी कमरेवर पट्टी लावून व्हरांड्यात आजीच्या मागे धावत होती.

मग वाट बघणं. अकराव्या दिवशी ताप चढला तो उतरेचना. थोरली मला म्हणाली, "आई, घरा वचूंया." मी म्हटलं, "जाऊया. चालत जायचंय आपल्याला गाडीपर्यंत, म्हणून आधी बरं व्हायचं." एकोणिसाव्या दिवशी रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा पहिल्यांदा हलला. डॉक्टर म्हणाले, "धाकटीच्या आहेत. बसल्या."

शेवटचं रक्त चढवलं त्यानंतर महिन्याभराने. पुन्हा कधी लागलं नाही. उलट पुढचं वर्षभर दर काही आठवड्यांनी तिचं रक्त थोडं थोडं काढावं लागलं, साठलेलं लोखंड कमी करायला. गोव्यातल्या त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर. तिथल्या नर्सने पहिल्यांदा चिठ्ठी वाचून विचारलं, "काढायचं? नक्की?" मी म्हटलं, "काढायचं."

दोघी आता माझ्याएवढ्या उंच आहेत आणि भांडतात. भांडण हाताबाहेर गेलं की धाकटी म्हणते, "माझा मगज परत दे." थोरली म्हणते, "ये, काढून घे." मांयना हे आवडत नाही, त्या दोघींनाही ओरडतात.

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती, पाचवा महिना. हातात तसलीच रंगीत पुस्तिका, कंपनी वेगळी. "बाई, तुम्ही केलंत ना? आम्हीपण करू?" मी तिला विचारलं, घरात कुणाला रक्ताचं दुखणं आहे का, तुम्हा दोघांची तपासणी झाली का. दुखणं कुणालाच नव्हतं, आणि तपासणी झालीच नव्हती. मी म्हटलं, "आधी ती कर. साधी रक्ताची तपासणी आहे, ती उद्याच कर. आम्ही पहिल्या वेळी केली असती तर सगळं वेगळं झालं असतं. आणि हे खोक्याचं म्हणशील, तर आमच्या घरी खाटेवर एक मुलगी होती म्हणून आम्ही केलं. तुझ्याकडे तशी कुणी नाही. पुस्तिकेत जे लिहिलंय त्यातलं किती खरं, ते तुझ्या डॉक्टरांना विचार, कंपनीला नको."

ती जरा हिरमुसली. तिला माझ्याकडून 'कर' असं ऐकायचं होतं. जाताना पुस्तिका माझ्या मेजावर विसरली, की ठेवून गेली, कळलं नाही. तपासणी मात्र दोघांनी केली. तसा तिचा फोन आला.